वेचणी सरेपर्यंत

बाभळींना कापूस लागला की मला वहिनी आठवते. बाभळीला कापूस येत नाही हे मला कळतं. सगळी नोकरी पोरांना शिकवण्यात गेली आहे माझी. पण कापसाने भरलेल्या गाड्या सरकी काढायच्या जिनाकडे निघाल्या की रस्त्याकडेच्या बाभळी काट्यांनी आपला वाटा ओढून घेतात, आणि दिवाळीनंतर चांदूर रेल्वेपासून अमरावतीपर्यंत सगळा रस्ता पांढरा पांढरा होतो. पूर्वी बैलगाड्या होत्या, आता ट्रक आहेत. बाभळींची खोड तीच आहे.

यंदा नेमक्या याच दिवसांत प्रज्ञाने मला तिचा सिनेमा दाखवला. प्रज्ञा माझ्या भाच्याची मुलगी, म्हणजे वहिनीची नात. मित्रमैत्रिणींनी मिळून केलेला छोटासा सिनेमा. गाणी नाहीत, मारामारी नाही. एक बाई मनाच्या आजाराने इस्पितळात जाते, बरी होऊन घरी येते, पण मागचं सगळं विसरून येते, एवढीच गोष्ट. आजीबद्दल घरात तुकड्यातुकड्यांनी ऐकलेलं पोरीच्या डोक्यात राहिलं होतं. अमरावतीच्या एका कॉलेजच्या हॉलमध्ये खेळ होता. संपल्यावर तिने विचारलं, "आत्याआजी, कसा वाटला?"

"चांगला आहे," मी म्हटलं. "पण तुझ्या सिनेमात कुणी जेवतच नाही."

ती हिरमुसली. मी काय करू? तिची नायिका सबंध वेळ खिडकीत बसून बाहेर बघत होती आणि मागे कुणीतरी सारंगी वाजवत होतं. विसरलेल्या माणसाला खिडकीत बसायला सवड कुठली? मीठ कुठल्या डब्यात आहे इथपासून शोधायचं असतं. कुणासमोर डोक्यावर पदर घ्यायचा, कुणाशी हसून बोलायचं, कोण आपलं आहे आणि कोण नुसतं चौकशीला आलंय, हे सगळं नव्याने लावत बसायचं असतं. वहिनी त्या हंगामात जितकी कामात होती तितकी घरात दुसरं कुणी नव्हतं. प्रज्ञा फणकाऱ्याने म्हणाली, "मग तुम्हीच लिहा ना." म्हटलं, लिहिते.

आमचं गाव चांदूर रेल्वेपासून पायी जाण्याच्या अंतरावर. नागपूरच्या धम्मदीक्षेला चार-पाच वर्षं झाली होती. घरात माय, दादा, गिरजा वहिनी, तिचा मुलगा मिलिंद आणि मी. दादा अमरावतीच्या एका जिनात कामाला होता, आठवड्याच्या सुट्टीला घरी यायचा. माझं मास्तरणीचं ट्रेनिंग संपलं होतं, नेमणूक व्हायची होती. त्या उन्हाळ्यात वहिनीला दुसऱ्या खेपेला मुलगी झाली आणि आठवड्याच्या आत गेली. वहिनी रडली नाही. ती झोपेनाशी झाली, मग जेवेनाशी, आणि मग घरातल्या कापसाच्या ढिगात हात घालून बाळ शोधायला लागली. लोक म्हणाले बाहेरचं आहे, अमुक ठिकाणी न्या, तमुक उतारा करा. मायने सगळ्यांना एकाच वाक्यात वाटेला लावलं. "देव सोडून आलो आमी. आता भूतं कावून सांभाळायची?"

म्हणून वहिनी इस्पितळात गेली. रेल्वेने जावं लागे अशा मोठ्या गावातलं ते इस्पितळ. लोक त्याचं नाव घेताना आवाज खाली घेत. मला तिथे भीती वाटेल असं वाटलं होतं, पण आठवतात ती कडुनिंबाची झाडं, वाळत घातलेल्या चादरींच्या रांगा आणि दुपारी वरणाचा वास. तिथले डॉक्टर उंच, थोडे वाकलेले होते, आणि समोरच्या माणसाला कळेपर्यंत समजावून सांगत. त्यांनी दादाला समोर बसवून सांगितलं होतं, "विजेचे झटके द्यावे लागतील. आजार हटेल. काही आठवणी जातील. बहुतेक परत येतात, काही येत नाहीत." दादाने विचारलं, "जगंल ना?" डॉक्टर म्हणाले, "जगेल." दादा म्हणाला, "मंग द्या."

आजार हटला. वहिनी जेवायला लागली, झोपायला लागली, केस विंचरायला लागली. पण तिच्या डोक्यातली शेवटची पाच-सहा वर्षं पुसली गेली. इतकं सहसा जात नाही, आजाराने गेलं की उपचाराने ते मी सांगू शकत नाही, असं डॉक्टर स्वतःहून म्हणाले. तिच्या हिशेबी ती अजून बार्शीटाकळीजवळच्या आपल्या गावात, बापाच्या घरी होती. लग्न व्हायचं होतं. दीक्षा व्हायची होती. आम्ही कुणी तिचे कुणी नव्हतो.

तिला घ्यायला तिचे बाबा आले होते, दादा होता, मी होते. ती बाबांचा हात सोडेना. बाबा भला माणूस, पण मनाने खचलेला. आपण आजारी पोर दुसऱ्याच्या गळ्यात बांधली असं त्यांच्या डोक्यात बसलं होतं. स्टेशनवरच ते दादाला म्हणाले, "जावईबुवा, वेचणी सरेपर्यंत ठेवून पाहा. ओळख पटली तं ठीक. नाई पटली तं मी येतो न् घेऊन जातो पोरीले. लेकरू तुमचं तुमच्यापाशी राहू द्या, तुमी दुसरं घर करा. माह्यी ना नाई." दादाने तिचं गाठोडं उचललं. तेव्हापासून आमच्या घराला मुदत लागली. कापूस शेतात आहे तोवर वहिनी घरात. कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्या उपटल्या की सगळंच उपटायचं.

या मुदतीपायी गावाने जो गोंधळ घातला तो माझ्या आजही डोक्यात जातो. डॉक्टरांनी बजावलं होतं, हिची परीक्षा घेऊ नका. आणि आमच्या गावाला परीक्षा घेण्यावाचून दुसरं सुचेना. सकाळी जी बाई यायची ती वहिनीच्या समोर उकिडवी बसायची आणि तोंड पुढे काढून विचारायची, "मले ओळखलं का? सांग बरं मी कोन?" वहिनी बिचारी घाबरून अंदाजाने काहीतरी नाव सांगायची. चुकलं की बाई हळहळायची, आणि बरोबर आलं तर अंगणभर सांगत सुटायची. कुणी तिच्या लग्नातला पदार्थ विचारी, कुणी आपल्या नातवाचं नाव. शेवटी मी दारात उभी राहून प्रत्येकीला सांगायला लागले, "ही रखमाकाकू. ही सरूबाई. आता बसा न् चहा प्या." अर्धी गर्दी तिथेच आटली. परीक्षाच नाही म्हटल्यावर यायचं कशाला?

पहिल्या सकाळी वहिनी अंघोळ करून घरभर फिरली. कोनाड्यात डोकावली, शिंकाळ्यामागे बघितलं. मायने विचारलं, "काय पायतं?"

"देव कुठी हायेत?"

"सोडले."

"कोनी?"

"आपण. तू बी. तू तं नागपूरले आपल्या बाबासंगं गेली होती, पांढरं लुगडं नेसून. मले तूच सांगे."

वहिनी खाली बसली. तो दिवस ज्यांनी पाहिला ते लोक तो शपथेवर सांगावा तसा सांगत, आणि हिने तो पाहून हरवला होता. मग आमच्या मोहल्ल्यातल्या बाया एकेक करून तिला तो दिवस सांगू लागल्या. प्रत्येकीचा वेगळा. एकीला पाय भाजले ते आठवे, एकीला लोकांनी वाटेत वाटलेले फुटाणे, एकीला मैदानावरची धूळ आणि एका आवाजात म्हटलेली शपथ. वहिनी तोंड उघडं टाकून ऐके. कोनाड्यात बुद्धाच्या तसबिरीशेजारी दीक्षा देणाऱ्यांचीही तसबीर होती. त्यांना मात्र ती ओळखत होती. तिने मोठ्या उत्सुकतेने विचारलं, "आता तब्येत कशी हाय त्यांची?"

ते दीक्षेनंतर थोड्याच दिवसांत गेले, हे तिला माहीत नव्हतं. मायने सांगितलं. वहिनीने असा हंबरडा फोडला की शेजारपाजारच्या बाया धावत आल्या, आणि कशासाठी रडते हे कळल्यावर कुणी तिला गप्प केलं नाही. त्याही खाली बसल्या. ते दुःख आमच्या घरांत काही वर्षांपूर्वीचं होतं, हिच्यासाठी त्याच सकाळचं. मी आयुष्यात इतकं खरं रडणं फार कमी वेळा पाहिलं. त्या दिवशी आमच्या मोहल्ल्यात चूल उशिरा पेटली.

दादाचं आणि तिचं तर बघण्यासारखं होतं. दादा सुट्टीला आला की ओट्यावर बसायचा, ओट्यावरच निजायचा. तिच्याशी "तुमी" म्हणून बोलायचा. "तुमी जेवल्या का? झोप लागते का?" वहिनी मान खाली घालून हो म्हणायची आणि चुलीपाशी येऊन मला हळूच विचारायची, "हे पाहुणे दर हप्त्याले कावून येतात?" तिला सांगितलेलं होतं की हा तुझा नवरा, पण सांगितलेलं आणि वाटलेलं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मला हसू यायचं आणि रडूही यायचं. दादा मात्र चिडला नाही की कण्हला नाही. येताना अमरावतीहून संत्री आणायचा आणि ओट्यावर ठेवून द्यायचा. कुणासाठी ते सांगायचा नाही. चौथ्या-पाचव्या खेपेला वहिनीने त्यातलं एक सोलून अर्धं त्याच्यापुढे ठेवलं, तेव्हा हा आमचा जिनात गाठी उचलणारा गडी अर्ध्या संत्र्याकडे नुसता बघत राहिला.

मिलिंदचं त्यापेक्षा सोपं होतं. चार वर्षांचं पोर, आई इतके महिने घरात नाही, तोही तिला विसरला होता. दोघांचीही पाटी कोरी, त्यामुळे कुणाचा कुणावर राग नव्हता. तो तिचा पदर धरून तिला घर दाखवायचा. ही शेळी, ही मारते. हा हौद, यात वाकायचं नाही. त्याचं नाव ऐकून ती म्हणाली, "मिलिंद? असं कसं नाव बाप्पा?" तो म्हणाला, "मस्त नाव हाय." झालं, तिला पटलं.

त्या वर्षी कापूस चांगला फुटला होता. सकाळी शेतात शिरलं की दवाने लुगडं गुडघ्यापर्यंत भिजायचं आणि बोंडांची वाळकी टोकं बोटांना ओरबाडायची. ऊन चढलं की ओलसर कापसाचा एक कोमट वास येतो, भाजक्या सरकीसारखा. तो ज्याने घेतला नाही त्याला सांगून कळायचा नाही. कमरेला बांधलेल्या ओटीत कापूस भरत जातो, बाई पुढून जड होत जाते, आणि सगळ्याजणी एकमेकींना त्यावरून चिडवतात. वहिनीचा हात झपाझप चालायचा. वेचणी तिला लहानपणापासून येत होती, त्यात नवल नव्हतं. नवल झालं ते दुपारी.

शेत पाटलांचं. पूर्वी दुपारी पाटलीणबाई बांधावर उभ्या राहून वरून पाणी ओतत आणि आमच्या बाया खाली बसून ओंजळीने पीत. दीक्षेच्या पुढच्याच हंगामापासून आमच्या बायांनी आपली घागर आपण न्यायची असं ठरवलं. भांडण नाही, आरडाओरड नाही. नुसती घागर आणि पेला. पुढे पाटलीणबाई आपल्या माणसांपुरतं पाणी आणू लागल्या. हे सगळं वहिनीच्या पुसल्या गेलेल्या वर्षांतलं. ती उठली, बांधापाशी गेली, थोडं अंतर राखून खाली बसली, मान घातली आणि ओंजळ पुढे केली. पाटलीणबाईंचा हातही जुन्या सवयीने लोट्याकडे गेला.

वेचणीच्या सबंध ओळीतल्या बाया जागच्या जागी थांबल्या. माझं डोकं सणकलं. मी पुढे होणार तोच माय गेली. तिने आवाज चढवला नाही. वहिनीला दंडाला धरून उठवलं.

"उठ, गिरजा. आपलं पाणी आपल्यापाशी हाय."

"मले तहान लागली."

"मंग पे ना. हा पेला घे. मान वर करून पे."

वहिनीने पेला दोन्ही हातांत धरला. "बाटलं तं?"

"कोनाचं? आपलंच तं पाणी हाय."

ती प्यायली, पेल्यावरून एक डोळा पाटलीणबाईंवर ठेवून. पाटलीणबाई जरा वेळ अवघडल्या, मग म्हणाल्या, "पे बाई, पे," आणि वळून गेल्या. संध्याकाळी परतताना वहिनीने मला विचारलं, "हे घागरीचं कवापासून?" मी सांगितलं. "मी होती तवा?" म्हटलं, "नुसती होती? दुसऱ्या वर्षापासून घागर तुह्याच डोक्यावर असे. सगळ्यांच्या पुढं चाले." ती रस्त्यात थांबली आणि घरी आल्यापासून पहिल्यांदा मोकळी हसली. "मी? मी तं लय भित्री हाव."

"होती," मी म्हटलं.

त्यानंतर तिचं विचारणं बदललं. आधी ती हे कोण, ते काय, असं विचारायची. आता विचारू लागली, मी कशी होती? मी काय म्हणे? मी भांडे का? दीक्षेच्या वेळी आमच्या लोकांनी पाठीवरचं पुष्कळ काही ठरवून उतरवून ठेवलं आणि हलके झाले. वहिनीच्या हातून नेमकं तेच निसटलं होतं जे आम्ही नव्याने कमावलं होतं, आणि खांद्यावर उरलं होतं ते जुनं ओझं. तिला ते पुन्हा उतरवायला लागत होतं, एकटीला. पण तिला मुदत ठाऊक होती. घरातल्या बोलण्यातून कुणाच्याही कानावर जाते तशी तिच्याही गेली होती. दुसरी वेचणी झाली, तिसरी सुरू झाली, झाडावर नुसत्या कवड्या, म्हणजे किडकी अर्धी बोंडं उरली. माय भाकरी थापताना मध्येच हात थांबवून वहिनीकडे बघायची.

गेलेल्या मुलीचं शेतातच कुणीतरी बोलून गेलं. डॉक्टरांनी सांगितलं होतं, ती विचारील तेव्हाच सांगा. बायांच्या तोंडाला कोण हात लावणार? वहिनी घरी आली, मायसमोर उभी राहिली आणि विचारलं. मायने लपवलं नाही. वहिनी चुलीपुढे बसली आणि काटक्या मोडून आत सारू लागली. मला धास्ती की आता पुन्हा सुरू होतं की काय. ती म्हणाली, "माय, मले रडू येत नाई. रडाले काई आठवा तं लागते." मायने तिचं डोकं आपल्या मांडीवर घेतलं आणि तिच्या वाटचं माय रडली.

पौषात तिला डॉक्टरांना दाखवायला न्यायचं होतं. दादा, मी आणि ती स्टेशनवर गेलो. थंडी होती, फलाटावर तुरीच्या उकडलेल्या शेंगा विकायला होत्या. वहिनी शेंगा सोलता सोलता वर बघत म्हणाली, "चां-दू-र. रे-ल्वे." आणि एकदम माझ्या हाताला धरलं. शेंगा खाली सांडल्या.

"कुसुम, मले वाचता येते?"

बापाच्या घरच्या गिरजाला वाचता येत नव्हतं. ती शाळेची पायरी चढली नव्हती. "येते," मी म्हटलं. "मी शिकवलं तुले. चुलीपुढच्या राखेत. तू 'ळ' काढाले लय कुरकुर करे."

मग तिला आवरायला कुणी नव्हतं. रूळ ओलांडू नका. थुंकू नका. चहा घ्या. साबणाची पाटी, टुरिंग टॉकीजची पाटी, डब्यातली साखळी ओढण्याबद्दलची सूचना, सगळं ती मोठ्याने वाचत गेली. डब्यातले लोक हसत होते. दादा समोर बसून खिडकीबाहेर बघत होता आणि त्याचे डोळे भरले होते. इस्पितळात पोचल्यावर तिने डॉक्टरांना त्यांच्या दारावरची पाटी वाचून दाखवली. ते खुर्चीत मागे टेकून हसले. म्हणाले, "गावं-नावं गेली असतील. शिकलेलं गेलेलं नाही." तिने विचारलं, "बाकीचं कवा येईन?" डॉक्टरांनी तिच्याकडे सरळ बघून सांगितलं, "बहुतेक येणार नाही, बाई."

"मंग मी वाट नाई पायत," वहिनी म्हणाली.

प्रज्ञाच्या सिनेमात शेवटी सगळं परत येतं. एक जुनी अंगाई कानावर पडते आणि बाईला धडाधड आठवायला लागतं. लोकांनी टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या. पण आमच्याकडे तसं झालं नाही, आणि तसं झालं नाही म्हणून काही अडलंही नाही. त्या गेलेल्या वर्षांबद्दल मी तिला पुढे आयुष्यभर सांगत आले. ती ऐकायची, आवडलं तर ठेवून घ्यायची, आणि एखादी गोष्ट पटली नाही तर म्हणायची, "मी असं नसीन केलं."

माघ लागला आणि पऱ्हाट्या उपटायला सुरुवात झाली. तिचे बाबा आले. खांद्यावर घोंगडी, हातात पोरीचं सामान बांधायला दोरी. ते बाजेवर बसले, पाणी प्यायले आणि बोलले तसं वागायला आलो म्हणाले. "जावईबुवा, तुमी लय केलं. तिले तुमची ओळख नाई पटली. आता माह्या पोरीचा भार मी नेतो."

मायने माझ्याकडे बघितलं, मी दादाकडे. दादा भिंतीला टेकून उभा होता. तो म्हणाला, "बाबा, तिले विचारा. आपन सारे तिच्याबद्दल बोलून राहिलो. तिले कोनी विचारलं नाई."

वहिनी आतून आली. हात पिठाचे होते. बाबांनी विचारलं, "बेटा, येतं माह्यासंगं?"

ती म्हणाली, "माह्या लग्नात मी नोती."

"नोती कशी? मी सोता..."

"तुमी होते. हे होते. सारं गाव होतं. मी नोती. मले एक फूल बी आठवत नाई त्या लग्नातलं. ते लग्न मले नाई पटत."

दादाचा चेहरा उतरला. त्याने खुंटीवरची टोपी घेतली आणि दाराकडे निघाला. मायने पदर तोंडाला लावला. बाबांनी दोरी हातात घेतली.

"थांबा ना," वहिनी दादाला म्हणाली. "कुठी चालले? मी म्हनून राहिली, पुना करा. आता मी हाव ना."

कुणाला पटकन कळलंच नाही. मला सगळ्यांच्या आधी कळलं हे मी मोठेपणाने सांगू शकते, कारण मी एवढ्या जोराने ओरडले की शेळी दावं तोडून पळाली. वहिनी मात्र आपलं म्हणणं शांतपणे सांगत राहिली. या वेचणीतलं तिला सगळं आठवत होतं. पेला आठवत होता, राखेतला 'ळ' आता तिने पुन्हा काढून पाहिला होता, संत्री आठवत होती. हा माणूस ओट्यावर निजला, हाताला हात लावला नाही, तुमी तुमी करत राहिला. "मागचा नवरा मले मालूम नाई," ती म्हणाली. "हा मालूम हाय. हा चालते मले."

दादा दारातच उकिडवा बसला आणि टोपीत तोंड लपवून हमसून हमसून रडला. मिलिंद त्याच्यापाशी जाऊन म्हणाला, "पडले का, बाबा?"

लग्न चार दिवसांत झालं. आमच्यात लग्नं लावणारे गुरुजी आधी गडबडले; लग्न झालेल्यांचं लग्न कसं लावायचं? मग म्हणाले, मंगल गोष्ट दोनदा म्हटली तर काय बिघडतं? आमच्या अंगणात सतरंजी घातली, बुद्धाच्या तसबिरीपुढे मेणबत्त्या लावल्या. मी पांढरी साडी आणली तशी वहिनी दचकली. "पांढरं? अवो, लग्न हाय का काय हाय?" तिच्या आठवणीतल्या जगात नवरी हिरवी-पिवळी असायची. माय म्हणाली, "आता आपल्यात असंच असते." वहिनीने साडी उन्हात धरली, उलटीसुलटी करून पाहिली आणि म्हणाली, कापूस तर मीच वेचला असेल यातला. नेसली. सगळे त्रिसरण म्हणू लागले तेव्हा ती ओठांकडे बघून बघून म्हणत होती. गुरुजींनी दादाला विचारलं, पत्नीचा मान राखीन, तिचा अपमान करणार नाही, म्हणा. दादाने नुसती मान हलवली. वहिनीने त्याला कोपराने ढोसलं, "म्हना ना, मी आयकून राहिली." अंगणात हशा पिकला. तिची पाळी आली तेव्हा ती एवढ्या मोठ्याने बोलली की वेशीवरची माणसं वळून बघू लागली. तिला एकेक शब्द ऐकायचा होता, आपलाही.

फुलं उधळून झाली. बायांनी गाणी म्हटली, पोरांनी मेणबत्त्यांचं मेण खरवडलं. तिचे बाबा सगळा वेळ मागे उभे होते. गर्दी जरा पांगल्यावर त्यांनी घोंगडी खांद्यावर टाकली आणि पोरीपाशी येऊन म्हणाले, "चाल बेटा, येतो मी. गाडीची वेळ झाली."

वहिनीने कमरेला पदर खोचला.

"असे कसे जाता, बाबा? माह्या घरून कोनी बिनजेवल्याचं जात नाई. बसा."

बाबा बसले. तिने त्यांच्यापुढे ताट ठेवलं, भाकरी वाढली, वरण वाढलं, आणि वहिनी त्यांचं जेवण होईपर्यंत समोरून हलली नाही.